पूर्ण अंतराची ट्रायथलॉन, वादळी दिवस आणि कुंपणाबाहेरची माणसे

ट्रायथलॉन स्पर्धांची जी परीक्षणे वाचायला मिळतात, ती बहुतेक वेळा पाणी किती स्वच्छ होते, सायकलचा रस्ता किती गुळगुळीत होता आणि पदक किती वजनदार होते एवढ्यावर आटोपतात. हवा चांगली असेल तर तेवढे पुरतेही. पण ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटर धावणे अशी पूर्ण अंतराची स्पर्धा दिवसभर कोसळणाऱ्या पावसात आणि समोरच्या वाऱ्यात पार पाडायची वेळ आली, की आयोजकांची परीक्षा वेगळ्याच ठिकाणी होते. प्रवेशशुल्क एक माणूस भरतो. त्याच्यासोबत पहाटे उठून, भिजत, धड न खाता कुंपणाला टेकून उभे राहणारे दोघे-तिघे कोणत्याही पावतीवर नसतात. त्यांची व्यवस्था कशी ठेवली यावरून स्पर्धेची पारख करावी असे माझे मत आता पक्के झाले आहे आणि पुढचे परीक्षण त्याच मापाने केले आहे. माझ्यासोबत नवरा, मुलगी आणि धाकटा भाऊ होते. स्पर्धेचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण हे गुणदोष कमीअधिक प्रमाणात बहुतेक मोठ्या आयोजनांत सापडतात, आणि नोंदणीपूर्वी काय तपासावे हे कळणे नावापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

आदल्या सायंकाळी आलेली हवामानाची सूचना नमुनेदार होती. ‘पाऊस संभवतो’ असल्या मोघम वाक्याऐवजी वाऱ्याची दिशा, सायकलमार्गावरची कोणती वळणे निसरडी होतील, पाण्याचे मोजलेले तापमान आणि पोहण्याबाबतचा अंतिम निर्णय पहाटे किती वाजता जाहीर होईल, हे सगळे तिच्यात दिलेले होते. निर्णयाची वेळ आधीच ठरलेली असल्यामुळे रात्रभर दर तासाला फोन उचलून पाहण्याचा मोह टळला. पाणी १५ अंशांच्या आसपास होते. पूर्ण अंतराच्या स्पर्धा भरवणाऱ्या आयर्नमॅन मालिकेच्या नियमांनुसार वयोगटातील (म्हणजे हौशी) स्पर्धकांना २४.५ अंशांपर्यंत वेटसूट, म्हणजे पोहताना अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख, चालतो, त्याची जाडी ५ मिलिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये आणि पाणी १२ अंशांखाली गेले तर पोहणे रद्द केले जाते. इथले नियम त्याच धर्तीचे होते. १५ हा आकडा कागदावर निरुपद्रवी दिसतो, परंतु पाणी शरीरातली उष्णता त्याच तापमानाच्या हवेच्या तुलनेत सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते, आणि वेटसूट कितीही चांगला असला तरी चेहरा, हात आणि पावले उघडीच राहतात.

पहाटे आयोजकांनी पोहण्याचा मार्ग किनाऱ्याला समांतर वळवला. हा निर्णय शहाणपणाचा होता, कारण लाटांमुळे मार्ग दाखवणारे तरंगते बोया दिसत नव्हते आणि आत खोल जाणारा मूळ मार्ग ठेवला असता तर दमलेल्या स्पर्धकाला बाहेर काढायला वेळ लागला असता. कयाकवाल्यांची संख्या भरपूर होती, आणि ते नुसते तरंगत न राहता वल्ह्याने दिशा दाखवत होते. डोके वर काढले की पिवळे वल्हे दिसायचे आणि पुन्हा ओळीत येता यायचे. स्पर्धकांच्या बाजूने पाहता या टप्प्याला पूर्ण गुण द्यावे लागतील. मात्र मार्ग बदलल्याचे ध्वनिक्षेपकावरून फक्त पाण्याजवळच्या गर्दीला सांगितले गेले. प्रेक्षकांसाठी राखलेली जागा जुन्या मार्गाच्या टोकाला होती, तिथे ना ध्वनिक्षेपक होता ना स्वयंसेवक. माझे घरचे आणि त्यांच्यासारखे बरेच लोक एका रिकाम्या पाण्याकडे दुर्बीण लावून बसले होते, हे मला नंतर कळले. माझ्या मते ही गोष्ट किरकोळ नाही. आपले माणूस खवळलेल्या पाण्यात उतरले आहे आणि ते ज्या ठिकाणी दिसायला हवे तिथे कोणीच दिसत नाही, याचा अर्थ उभ्या असलेल्या माणसाने काय लावायचा?

संपूर्ण दिवसातली सर्वांत उत्तम व्यवस्था पोहण्यानंतरच्या कपडे बदलण्याच्या तंबूत होती. सायकलच्या सामानाची पिशवी क्रमांकानुसार टांगलेली होती आणि ती हातात पडायला क्षणभरही लागला नाही. आत हीटर चालू होते, बाकांवर कोरडे टॉवेल होते, आणि प्रत्येक दोन-तीन स्पर्धकांमागे एक स्वयंसेवक होता. माझी बोटे इतकी आखडली होती की हेल्मेटच्या पट्ट्याचे बक्कल लागेना. हेल्मेट घालून बक्कल लावल्याशिवाय सायकलला हात लावता येत नाही हा नियम सगळ्यांना माहीत असतो, पण बोटे ऐकत नसली की नियम माहीत असून काय उपयोग? साठीच्या आसपासच्या एका स्वयंसेविकेने माझे हात गरम पाण्याच्या पिशवीवर दाबून धरले आणि गप्पा मारल्यासारखे मला नाव विचारले, स्पर्धक क्रमांक विचारला, सोबत कोण आले आहे ते विचारले. त्या गप्पा नव्हत्या. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली उतरू लागले की जीभ जड होते आणि साध्या प्रश्नांची उत्तरे चुकू लागतात; ते त्या तपासत होत्या. उत्तरे नीट आल्यावर त्यांनी स्वतः बक्कल लावले आणि ‘आता कपडे पूर्ण चढव आणि मगच जा’ असे बजावले. स्वयंसेवकांना इतके शिकवून ठेवणारे आयोजन विरळा.

सायकलच्या टप्प्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण तो तसाच होता जसा वाऱ्यापावसात असतो. हवेचे तापमान १० अंश असेल आणि सायकल ताशी ३० किलोमीटरने चालली असेल, तर उघड्या त्वचेला ते सुमारे साडेसहा अंशांसारखे भासते, आणि हे गणित कोरड्या त्वचेचे आहे. ओल्या कपड्यांत त्याहून वाईट. टायरमधली हवा थोडी कमी ठेवणे, रंगवलेल्या पट्ट्यांवरून आणि लोखंडी झाकणांवरून वळताना सायकल न कलवणे, चाकाच्या कडेवर घासणारे रिम ब्रेक असतील तर बरेच आधी दाबायला लागणे, या गोष्टी ज्याला माहीत नाहीत त्याने अशा दिवशी उतरू नये. आयोजकांनी उतारावरच्या वळणांआधी शिट्टी आणि झेंडे घेऊन माणसे उभी केली होती. पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर राखण्याच्या नियमाबाबतही पंच कडक होते, आणि पावसात ती कडकपणाची गरज नेहमीपेक्षा जास्तच असते.

एड स्टेशनांवर, म्हणजे वाटेतल्या खाण्यापिण्याच्या ठाण्यांवर, मीठ घातलेले गरम सूप ठेवले होते, याची विशेष नोंद घ्यायला हवी. थंडीत तहान लागत नाही, तरीही पुष्कळ जण उन्हाळ्यासाठी आखलेल्या वेळापत्रकाप्रमाणे पाणी पीतच राहतात. घाम कमी, पाणी जास्त असे झाले की रक्तातले सोडियम घटते, आणि त्याची सुरुवातीची लक्षणे, म्हणजे मळमळ, डोकेदुखी, गोंधळ, थकव्यासारखीच दिसत असल्यामुळे माणूस आणखी पाणी पितो. सूप देणाऱ्या मुलांना हे ठाऊक होते. पाण्याची दुसरी बाटली मागणाऱ्या माझ्या पुढच्या स्पर्धकाला त्यांनी आधी सूप घ्यायला लावले.

आता मूळ मुद्द्याकडे येते. पूर्ण अंतराच्या बहुतेक स्पर्धांत बाहेरची मदत घेण्यास बंदी असते. नवऱ्याने कोरडे हातमोजे दिले, भावाने केळे दिले, कोणी काही अंतर सोबत पळाले, तर स्पर्धक बाद होऊ शकतो. मुळात हा खेळ असा नव्हता. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईत जॉन आणि ज्युडी कॉलिन्स यांच्या कल्पनेतून पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा १५ जणांनी सुरुवात केली, १२ जणांनी ती पूर्ण केली, आणि प्रत्येकाने आपल्या खाण्यापिण्याची सोय पाहणारी माणसे स्वतः आणायची असा रिवाज होता. गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. दुसऱ्या क्रमांकावरच्या जॉन डनबारच्या साथीदारांकडचे पाणी संपले आणि त्यांनी त्याला बिअर पाजली, असे सांगतात. (घरच्यांवर सर्वस्वी विसंबण्याचा हा धोका असतोच.) नॉर्वेमध्ये २००३ पासून होणाऱ्या नॉर्समन या स्पर्धेत आजही उलटा नियम आहे: साहाय्यक आणि त्याची गाडी असल्याशिवाय स्पर्धकाला उतरताच येत नाही, आणि गाउस्टाटोपेनच्या शिखराकडे जाणाऱ्या शेवटच्या चढावर साहाय्यकाने सोबत चालणे सक्तीचे आहे. तिथले हवामान पाहता ते रास्तही आहे.

बंदीचा नियम मला मान्य आहे, कारण ज्याच्यासोबत कोणी आलेले नाही अशा स्पर्धकावर अन्याय होऊ नये. परंतु नियम मान्य असणे वेगळे आणि तो घरच्यांना समजावून सांगणे वेगळे. आयोजकांच्या मार्गदर्शिकेत स्पर्धकांसाठी पानेच्या पाने होती आणि प्रेक्षकांसाठी दोन परिच्छेद, तेही वाहनतळाबद्दल. सायकलमार्गाच्या मध्यावर माझा भाऊ कोरडे मोजे घेऊन उभा होता. तिथल्या मार्शलने, म्हणजे मार्गावर नियम पाळले जातात का हे पाहणाऱ्या माणसाने, त्याला अडवले ते योग्यच केले, आणि शांतपणे समजावलेही, की पहाटे जमा केलेल्या स्पेशल नीड्स पिशवीतूनच बदलाचे सामान घेता येते. त्या पिशवीत माझे मोजे, हातमोजे आणि एक पातळ जाकीट होते, त्यामुळे काही अडले नाही. पण हेच दोन ओळींत प्रेक्षकांना आधी सांगितले असते, तर त्या मार्शलला दिवसभर तेच वाक्य शेकडो लोकांना ऐकवावे लागले नसते आणि माझ्या भावाने ‘ताई, मी काहीच करू शकत नाही का?’ असे हताशपणे ओरडून विचारले नसते.

सगळ्यात मोठी तक्रार स्पर्धकाचा माग दाखवणाऱ्या अॅपबद्दल आहे. घोट्याला बांधलेली चिप रस्त्यावर अंथरलेल्या पट्ट्यांवरून जाते तेव्हाच नोंद होते. दोन पट्ट्यांच्या मध्ये अॅपवर सरकताना दिसणारा ठिपका म्हणजे निव्वळ अंदाज असतो, मागच्या वेगावरून बांधलेला. हे अॅपमध्ये कुठेही लिहिलेले नव्हते. वाटेत एका निवाऱ्यात डॉक्टरांनी थंडीने थरथरणाऱ्या काही जणांना थांबवून तपासले आणि हातपाय गरम झाल्यावर सोडले; त्यांत मीही होते. त्या सगळ्या वेळात माझा ठिपका मात्र आनंदाने पुढे पळत होता. मी पुढच्या पट्टीपाशी अपेक्षित वेळी पोहोचले नाही, तेव्हा तो ठिपका पट्टीवर येऊन थबकला आणि तिथेच राहिला. नंतर मी ती पट्टी ओलांडली, पण पावसामुळे म्हणा किंवा आणखी कशाने, नोंद झालीच नाही. घरच्यांना दिसत होते ते एवढेच, की मी बराच वेळ रस्त्याच्या एका निसरड्या वळणाजवळ स्थिर आहे.

नवरा चौकशीच्या टेबलाशी गेला तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याने आपला फोन काढून तेच अॅप उघडले. वास्तविक स्पर्धा सोडलेल्यांची, वैद्यकीय मदत घेतलेल्यांची आणि गाडीतून परत आणलेल्यांची यादी आयोजकांकडे वायरलेसवरून सतत जमा होत असते. ती नसती तर रस्ता कधी मोकळा करायचा हे त्यांना कळलेच नसते. ‘या क्रमांकाचा स्पर्धक आमच्या वैद्यकीय यादीत नाही’ एवढे एक वाक्य त्या टेबलावर मिळाले असते, तर माझ्या मुलीने तो तास जसा काढला तसा काढावा लागला नसता. प्रेक्षकांच्या तंबूचेही तेच. वाऱ्यामुळे तो उतरवला हे समजण्यासारखे आहे, पण त्याला पर्यायी छप्पर म्हणून जवळची नोंदणीची मोठी खोली उघडी करता आली असती. ती दिवसभर कुलूपबंद होती, आणि आत आदल्या दिवशी वाटलेल्या सामानाची रिकामी खोकी रचून ठेवलेली होती.

धावण्याचा मार्ग मात्र ज्याने आखला त्याला घरच्यांची जाण असावी. सुमारे १४ किलोमीटरच्या तीन फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत प्रेक्षकांच्या जागेजवळून दोनदा जाणे, अशी त्याची रचना होती. एरवी एकाच रस्त्यावर पुन्हा पुन्हा येणे कंटाळवाणे वाटते, परंतु अंधार पडल्यावर, पावसात, बूट पाण्याने जड झालेले असताना, पुढच्या वळणावर आपले कोणीतरी उभे आहे हे माहीत असणे हीच त्या टप्प्यातली एकमेव शिदोरी होती. एका वळणावर भाऊ उत्साहाने माझ्याबरोबर पळू लागला आणि मार्शलने त्याला लगेच मागे खेचले. इथेही माझा कौल मार्शलच्या बाजूने आहे.

अशा स्पर्धांत साधारणपणे एकूण १७ तासांची मर्यादा (कट-ऑफ) असते, आणि तिच्या आत पोहण्याला २ तास २० मिनिटे, सायकल संपेपर्यंत सुरुवातीपासून साडेदहा तास असे टप्पे असतात. इथेही तसेच होते. शेवटच्या फेरीच्या तोंडाशी माझ्याकडे २ तास ५० मिनिटे उरली होती. मला तेव्हा साधी वजाबाकी जमत नव्हती. मनाने घेतले होते की पळत राहिले नाही तर संपले, आणि पळणे तर होत नव्हते. मुलीने कुंपणाबाहेरून आधीच हिशेब करून ठेवला होता. ‘आई, किलोमीटरला बारा मिनिटं पुरतात, भरभर चाललीस तरी होतंय, फक्त तंबूत बसू नकोस!’ तिचे गणित बरोबर होते: ताशी ५ किलोमीटर म्हणजे किलोमीटरला १२ मिनिटे, १४ किलोमीटरला १६८, आणि हातात होती १७०. उताराच्या भागात थोडे पळून मी आणखी काही मिनिटे शिल्लक पाडली. तोंडी माहिती देण्यास इथे मज्जाव नव्हता, आणि त्या रात्री मला ताकदीसाठी खायच्या कोणत्याही एनर्जी जेलपेक्षा तिचा उपयोग झाला. कट-ऑफची उरलेली वेळ आणि त्यासाठी लागणारा वेग दाखवणारा एखादा फलक आयोजकांनी फेरीच्या तोंडाशी लावला, तर ज्यांची मुले गणितात पक्की नाहीत त्यांचीही सोय होईल.

अंतिम रेषेपाशीचा अनुभव संमिश्र होता. घरच्यांसोबत रेषा ओलांडण्यास इथे बंदी होती. आयर्नमॅन मालिकेतही असे केल्यास स्पर्धक बाद होतो, आणि शेवटच्या अरुंद पट्ट्यातली गर्दी पाहता कारण पटण्यासारखे आहे. पण रेषा ओलांडल्यावर तरी भेट लवकर व्हायला हवी होती. चंदेरी आच्छादन अंगावर टाकून आम्हाला आतल्या आवारात नेले गेले, तिथे वैद्यकीय तपासणी चोख झाली, गरम पेय मिळाले. बाहेर पडण्याचे दार मात्र इमारतीच्या पार मागे होते, आणि घरच्यांना सांगितलेले भेटीचे ठिकाण पुढे. ज्या माणसाला पायरी उतरताना कठड्याचा आधार लागतो, त्याला तेवढी प्रदक्षिणा घालायला लावणे असमंजसपणाचे आहे. कोणीतरी नातेवाइकांपैकी एकाला मनगटपट्टी देऊन आत सोडण्याची पद्धत सुचवली होती. ती का नाकारली गेली हे समजले नाही.

सायकल परत घेण्याची व्यवस्था याच्या अगदी उलट. स्पर्धकाची चिप आणि सही केलेली चिठ्ठी दाखवली की सोबतच्या माणसाला सायकल आणि पिशव्या मिळत होत्या, त्यामुळे मी खुर्चीवर बसून राहिले आणि नवऱ्याने सगळे सामान गाडीत भरले. कर्मचाऱ्यांनी सायकलची साखळी पुसून त्यावर तेलाचा हलका हात फिरवला होता, हे सकाळी लक्षात आले. पावसातल्या १८० किलोमीटरनंतर साखळी एका रात्रीत गंजायला लागते, म्हणून हा विचार ज्याच्या मनात आला त्याचे कौतुक करावेसे वाटते.

स्पर्धक म्हणून मी या आयोजनाला पाचपैकी साडेचार गुण देईन. माझ्या घरच्यांनी दोन दिले, आणि त्यांतला एक त्या सायकलवाल्यांसाठी होता. पूर्ण अंतर आधी केलेल्या आणि एकट्याने जाणाऱ्या स्पर्धकाला मी ही स्पर्धा निःशंकपणे सुचवेन. पहिलीच वेळ असेल आणि घरचे सोबत येणार असतील, तर नोंदणीआधी आयोजकांना पत्र लिहून विचारावे, की अॅप बंद पडल्यास नातेवाइकांना माहिती कोण देणार आणि पाऊस आल्यास ते कुठे उभे राहणार. मी तेच दोन प्रश्न स्पर्धेनंतर पाठवले. उत्तर सभ्य भाषेत आले. पहिल्या प्रश्नाबाबत पुढच्या वेळी चौकशीच्या टेबलावर वायरलेस ठेवण्याचे आश्वासन त्यात आहे, दुसऱ्याचा उल्लेखच नाही.